काठीवाल्याची विहीर

शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड निघायचं आणि तिथे अख्खं अरण्य मांडलं जायचं. चौकटी आखलेला मोठा कागद, अंगठ्याएवढी रंगवलेली माणसं, चार बाजूंपासून वीस बाजूंपर्यंतचे नाना फासे, आणि सगळ्यावर बिस्किटांचा चुरा. खडकबाई स्वयंपाकघराच्या दाराला टेकून त्याकडे बघायची, एखाद्या पाहुण्याने बुटांसकट पाय सोफ्यावर घेतल्यावर बघावं तशी.

खडकबाई हे नाव तिला बोअर खणणाऱ्या गाडीवरच्या माणसांनी दिलं होतं. जमिनीखालचं पाणी शोधून देणाऱ्या एका कंपनीत ती सव्वीस वर्षं भूवैज्ञानिक होती. चार लोखंडी खुंट्या जमिनीत ठोकायच्या, त्यांतून वीज सोडायची, खालची माती आणि दगड त्या विजेला किती अडवतात ते यंत्रावर वाचायचं आणि मग खणायचं की नाही ते सांगायचं, हे तिचं काम. दहांतल्या सहा वेळा ती म्हणायची, "खाली खडक आहे. दुसरीकडे बघा." मग गाडीवरच्या माणसांना उतरवलेले सगळे पाइप परत चढवावे लागायचे. नाव त्यातूनच पडलं. तिच्या तोंडावर कुणी घेत नसे, पण तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

टेबलावरचा खेळ तिच्या लेकीचा. लेक चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायची, म्हणजे तशी डोळस मुलगी. तरी शनिवार आला की ती तलवारबाज व्हायची. तिच्यासोबत इस्पितळातली एक नर्स यायची, ती चोर व्हायची. छापखान्यात मुद्रितं तपासणारा एक किडकिडीत तरुण खेळाचा सूत्रधार होता. गोष्ट तो सांगायचा, राक्षस आणि गावकरी तो चालवायचा, आणि पुठ्ठ्याच्या छोट्या पडद्याआड आपले फासे टाकायचा. चौथा गडी होता तो वनसाधक व्हायचा, आणि खडकबाईचं खरं पित्त खवळायचं ते या वनसाधकावर.

वनसाधकाकडे 'भूमिवाणी' नावाचा मंत्र होता. जमिनीवर मांडी घालून बसायचं, तळहात मातीला लावायचा, एक मिनिट डोळे मिटायचे. की मग भूमी आपण होऊन तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. तीन मैलांच्या आत पाणी कुठे, कोण राहतं, काय पुरलंय, सगळं.

"तीन मैल!" खडकबाई दारातून म्हणाली होती. "आम्हाला एका शेताला दोन दिवस लागतात. आणि हा बसल्या जागी तीन मैल!"

"काकू, ती जादू आहे," सूत्रधार म्हणाला.

"जादू असली म्हणून काय झालं? थोडी लाज नको?"

सूत्रधार बिचारा समजूतदार. त्याने नियमांची वही काढून दाखवलं, की त्याच दिवशी पुन्हा विचारलं तर तो पडद्याआड फासा टाकतो, आणि फासा वाईट पडला तर भूमी खोटं सांगते. वनसाधकाला ते कळत नाही.

"चला, खेळाला तरी एवढं कबूल आहे," खडकबाई म्हणाली. "बाहेरच्या भोंदूंना तेही नसतं."

बाहेरचा भोंदू म्हणजे कोण, ते लेकीला बरोबर कळलं. तिने खिडकीकडे पाहिलं. खिडकीजवळच्या खुर्चीत खडकबाईचे वडील बसले होते. ते वर्तमानपत्र वाचत होते, किंवा तसं दाखवत होते.

वडिलांचं वय ब्याऐंशी. चाळीस वर्षं त्यांनी ओल्या फांदीची दोन फाट्यांची काठी हातात धरून लोकांना पाणी दाखवलं होतं. काठी जिथे खाली झुकेल तिथे पाणी. पंचक्रोशीत त्यांना काठीवाले म्हणत. ते यायचे तेव्हा लोक अंगणात खुर्ची मांडायचे, आणि ते शेतातून चालायला लागले की मागून चालणारी माणसं आपसूक बोलायची थांबायची. सहा महिन्यांपूर्वी ते पडले, खुब्याचं हाड मोडलं, आणि खडकबाईकडे राहायला आले. खडकबाईने त्यांचं सगळं नीट केलं. औषधं वेळेवर, न्हाणीघरात धरायला दांडी, पलंगाला उंची. फक्त कंपनीतलं कुणी घरी आलं की ती ओळख करून द्यायची, "हे माझे वडील. निवृत्त आहेत." कशातून निवृत्त, ते कुणी विचारायच्या आत ती चहा टाकायला आत जायची.

याला कारण होतं, आणि ते चाळीस फूट खोल होतं.

खडकबाईचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी घरामागच्या जागेत विहीर घ्यायचं काढलं. आयता काठीवाला व्याही मिळालेला. लग्नाला तीन आठवडे असताना काठीवाले काठी घेऊन गेले, काठी झुकली, खूण केली, खणायला सुरुवात झाली. दहा फुटांवर मुरूम लागला, वीस फुटांवर काळा पाषाण. पुढचे वीस फूट सुरुंग लावून फोडले. पाण्याचा टिपूस नाही. तोवर लग्न होऊन खडकबाई त्या घरात आली होती. शेवटचा सुरुंग उडाला तेव्हा ती मागच्या दारात उभी होती. वर आला तो नुसता धुरळा.

पुढे अकरा वर्षं त्या खड्ड्यात तिच्या सासूने भाजीची सालं टाकली. नळाचं पाणी गेलं की सासू म्हणायची, "आण गं, तुझ्या बापाच्या विहिरीतून दोन बादल्या!" पाहुण्यांना घर दाखवताना मागे नेऊन म्हणायची, "ही काठीवाल्याची विहीर." आणि "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार" ही म्हण त्या घरात सुनेच्या स्वयंपाकापासून सुनेच्या अकलेपर्यंत कशालाही लावली जायची. नवरा स्वभावाने वाईट नव्हता, पण सगळे हसले की तोही हसायचा. लग्नानंतर दोन वर्षांनी खडकबाईने कॉलेजात भूविज्ञानाला नाव घातलं. कुणी कारण विचारलं तर ती म्हणायची, आवड आहे. आवड कसली! चीड होती. नवरा नऊ वर्षांपूर्वी गेला, घर विकलं गेलं, सासू-सासरेही आता नव्हते. चीड तेवढी शाबूत होती.

तर मग, वनसाधक होणाऱ्या गड्याची बदली झाली आणि खेळ अडला. दोन शनिवार तिघंच बसले. तिसऱ्या शनिवारी लेक खिडकीपाशी जाऊन म्हणाली, "आजोबा, तुम्ही याल का खेळायला?"

"मला कुठे येतं?" काठीवाले म्हणाले, पण वर्तमानपत्राची घडी घातलीसुद्धा.

"न यायला काय झालं?" खडकबाई आतून म्हणाली. "चाळीस वर्षं हेच तर खेळलात. फक्त तेव्हा लोक खरे खड्डे खणायचे."

नर्सने खाली मान घालून फासे रांगेत लावले. काठीवाल्यांनी चालताना धरायचा वॉकर उचलला आणि ठक ठक करत टेबलापाशी येऊन बसले.

त्या दिवशीची गोष्ट अशी होती. एका ओसाड टेहळणी बुरुजाभोवती एक वस्ती आहे, तिथली सगळी विहिरी-तळी कुणाच्या तरी शापाने आटली आहेत, आणि आपल्या मंडळींनी कारण शोधायचं आहे. सूत्रधाराने सांगून संपवलं आणि उत्साहाने म्हणाला, "आजोबा, आता तुम्ही भूमिवाणी वापरू शकता."

"थांब रे, घाई काय आहे?" काठीवाले म्हणाले. "या वस्तीत सगळ्यात म्हातारं कोण?"

सूत्रधाराने वहीत पाहिलं. वहीत म्हातारं कुणी नव्हतं. "एक... आजी आहे."

"ती लहान असताना कपडे धुवायला कुठे जायची?"

"बुरुजाच्या... उत्तरेला."

"आणि गुरं दुपारची कुठे बसतात?"

"गुरं?"

"वस्ती आहे तर गुरं असतील. उन्हाची कुठे जाऊन बसतात? आणि ही वाट बघ. सरळ यायची सोडून इथे अशी वळलीय, ती का?"

सूत्रधाराच्या कानशिलाला घाम आला. ती वाट त्याने कागदावर पेल्याच्या डागाला वळसा घालायला वाकडी काढली होती. तो काहीबाही उत्तरं देत गेला. काठीवाले ती ऐकत होते, पण बघत होते सूत्रधाराकडे. कुठलं उत्तर झटकन आलं, कुठलं अडखळत, पूर्व म्हणताना त्याचा हात आपसूक पडद्यामागच्या कुठल्या कागदावर गेला. पंधरा मिनिटांनी त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"बुरुजाच्या पायाखाली झरा आहे. कुणीतरी वरून दगड बसवून बुजवलाय. शाप-बीप काही नाही."

सूत्रधाराचं तोंड उघडंच राहिलं. त्याने तीन शनिवार पुरेल म्हणून लिहून आणलेलं रहस्य होतं ते.

"बरोबर!" तो पडेल आवाजात म्हणाला.

लेकीने आणि नर्सने टाळ्या वाजवल्या. काठीवाल्यांनी मग सावकाश डोळे मिटले, तळहात कागदावर टेकवला आणि घशातून असा काही खोल हुंकार काढला, की नर्सच्या अंगावर खरोखर काटा आला.

"आता हे कशाला?" खडकबाईने विचारलं. ती केव्हा दारातून टेबलाजवळ आली होती तिचं तिलाच कळलं नव्हतं. "उत्तर तर तुम्ही आधीच दिलंत."

काठीवाले डोळे न उघडता म्हणाले, "मंत्र नंतरच म्हणायचा असतो, पोरी. उत्तर माहीत नसताना मंत्र म्हणणारा मूर्ख."

सगळे हसले. खडकबाई आत गेली आणि उगाचच स्वच्छ ओटा पुसायला लागली.

इतकी वर्षं तिने मानलं होतं, की आपला बाप भाबडा आहे. काठीवर त्याची श्रद्धा आहे, काठी आपोआप झुकते असं त्याला खरंच वाटतं, आणि चाळीस वर्षांत कधी पाणी लागलं ते आंधळ्याच्या हाती चुकून काही लागावं तसं. भाबड्या बापाची कीव करता येते. त्याला औषधं देता येतात, न्हाणीघरात दांडी बसवता येते. पण हा बाप भाबडा नव्हता. म्हाताऱ्या बायका, गुरं, वाटा, शेजारच्या विहिरी, सगळं तो आधी टिपून घ्यायचा. मग मनगट जरासं फिरवलं की काठी झुकली. म्हणजे आजवर ज्याला ती मूर्ख म्हणत आली तो लबाड निघाला, आणि वाईट वाटायचं सोडून तिच्या मनात आधीपेक्षा जास्त तिरस्कार दाटून आला. ओटा पुसता पुसता दुसरी गोष्ट तिच्या ध्यानात आली आणि तिचा हात थांबला.

सासरच्या घरामागच्या जागेपासून पन्नास पावलांवर रस्त्यासाठी टेकडी कापलेली होती. त्या कापलेल्या भिंतीत काळा पाषाण उघडा पडला होता, एक भेग नसलेला, सरळ त्या जागेखाली गेलेला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला ती स्वतः हातोडी घेऊन तिथे उभी राहिली होती आणि मनात म्हणाली होती, बाबांना एवढंही दिसलं नाही! आता प्रश्न उलटा झाला. कागदावरच्या पेल्याच्या डागाभोवतीची वाट ज्याला दिसते, त्याला ती भिंत दिसली नसेल?

तो आठवडा ती वडिलांशी औषधापुरतं बोलली.

पुढच्या शनिवारी सूत्रधाराची बस चुकली. लेक, नर्स आणि काठीवाले टेबलाशी वाट बघत बसले होते. खडकबाई बाहेर आली, सूत्रधाराच्या रिकाम्या खुर्चीत बसली आणि पुठ्ठ्याचा पडदा आपल्यापुढे ओढला.

"आई, तू खेळणार?" लेक आनंदाने म्हणाली.

"तो येईपर्यंत." तिने एक कोरा कागद घेतला आणि पेन्सिलीने चौकोन काढला. "हे घर. ही मागची जागा. इथे पूर्वेला रस्ता, रस्त्यासाठी टेकडी कापलीय. कापलेल्या भिंतीत काळा दगड, भेग नाही. इकडे पश्चिमेला कुंपण, कुंपणापलीकडे जांभळाचं झाड, भर उन्हाळ्यात हिरवं. घरमालक म्हणतो विहीर खणायचीय. वनसाधक, सांगा, कुठे खणायचं?"

काठीवाल्यांनी कागदाकडे एकदाच पाहिलं. त्यांनी वाकडी झालेली एक रेघ बोटाने नीट केल्यासारखं केलं.

"मागच्या जागेत खणू नये," ते म्हणाले. "कुंपणाला लागून खणावं. पलीकडे झाडाशी जमलं तर फारच छान."

"मग मागच्या जागेत का खणलंत?"

लेकीने आईकडे पाहिलं, मग आजोबांकडे. 'काठीवाल्याची विहीर' तिने लहानपणी ऐकली होती. आजीच्या तोंडून, हसता हसता.

"कुंपणापलीकडची जागा तुझ्या चुलत सासऱ्यांची," काठीवाले म्हणाले. "दोघा भावांचं बोलणं नव्हतं. कुंपणाला लागून विहीर घेतली तर पाणी भावाकडेही जाईल, म्हणून तुझ्या सासऱ्यांनी मला आधीच जागा दाखवली. म्हणाले, काठी इथे झुकू दे. मी म्हटलं, इथे दगड आहे. ते म्हणाले, व्याही, मी तुम्हाला विचारलं नाही, सांगितलं."

"आणि तुम्ही ऐकलंत."

"तीन आठवड्यांवर लग्न होतं, पोरी."

"नाही म्हणाला असतात तर?"

"मोडलं असतं."

"मोडलं असतं तर बरं झालं असतं!" खडकबाईचा आवाज चिरकला. "अकरा वर्षं, बाबा! अकरा वर्षं मी तुमच्या नावाची थुंकी झेलली. आणि मला वाटायचं, माझ्या बापाला कळत नाही, त्याला काय दोष द्यायचा! तुम्हाला कळत होतं. तुम्ही समोर उभे राहून काठी वाकवलीत. तुमच्यापेक्षा हा कागदावरचा वनसाधक बरा. त्याची भूमी खोटं बोलते ती निदान फासा पडला म्हणून."

काठीवाल्यांनी चौकोनाचा तो कागद हळूच बाजूला सरकवला. मग म्हणाले, "मला वाटलं, वीस फूट खणतील, दगड लागला की थांबतील. चार दिवस मला हसतील आणि विसरतील. हसू दे, मला सवय होती. ते मला सोडून तुला हसत बसतील हे माझ्या डोक्यात आलं नाही. माणसांचा अंदाज चुकला माझा."

"आयुष्यभर माणसांच्याच अंदाजावर तर जगलात."

"हो ना," काठीवाले म्हणाले.

नर्स उठून पाणी प्यायला गेली. तेवढ्यात दाराची घंटी वाजली, सूत्रधार धापा टाकत आत आला, आपल्या खुर्चीत काकूंना बसलेलं पाहून थबकला आणि "मी नंतर येऊ का?" म्हणाला. खडकबाईने खुर्ची सोडली. त्या दिवशी खेळ झाला नाही. कुणीतरी मेणकापड परत घातलं.

लेक दोन दिवस आईशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना म्हणाली, "तुझं लग्न मोडलं असतं तर मी नसते. एवढं साधं गणित तुला येत नाही?"

खडकबाईच्या डोक्यात ते आलंच नव्हतं. तिने कप खाली ठेवला. "तू कुठूनही आली असतीस," ती म्हणाली. "तू काही अडून राहणाऱ्यातली नाहीस."

"हे काय उत्तर झालं?"

"नाही झालं. चुकलं माझं. तोंडातून गेलं ते गेलं."

लेकीने चहाचा एक कप खिडकीकडे नेला. "आणि आजोबांशी बोल. त्या माणसाने तीन दिवस पेपरचं पान उलटलेलं नाही."

खडकबाई बोलली नाही. वडिलांवरचा राग इतका जुना आणि वापरातला होता, की त्याची जागा बदलली तरी तो आपोआप काम करत होता. पण त्याच आठवड्यात कंपनीच्या कामावर तिला जे दिसलं, त्याने तिची पंचाईत केली.

लाकडी सामानाचा एक कारखाना होता, त्यांना बोअर हवी होती. कारखान्याच्या मागे मोकळं मैदान, पण मध्ये शेड असल्याने खणायची गाडी मागे जाऊ शकत नव्हती. ती फाटकापाशीच उभी राहू शकत होती. कारखान्याचा मॅनेजर म्हणाला, "मॅडम, इथेच फाटकाजवळ करून टाका." तिने खुंट्या ठोकल्या, आकडे घेतले. खाली खडक. मैदानात घेतले, तिथे जरा आशा. मग ती गाडीत बसून अहवाल लिहायला लागली. फाटकाच्या जागेपुढे तिच्या पेनाने सवयीने लिहिलं, 'पाण्याची शक्यता मध्यम'.

तो शब्द तिने वाचला, मग पुन्हा वाचला. मध्यम! किती वर्षं ती हा शब्द लिहीत आली होती? गाडी जिथे पोचते तिथे मध्यम. ज्या कोपऱ्यात मालकाला हवी तिथे मध्यम. वरचे साहेब म्हणाले, गिऱ्हाईक जुनं आहे, तेव्हाही मध्यम. बोअर कोरडी गेली तरी मध्यम लिहिल्यावर ठपका कुणावरच येत नव्हता. दहांतल्या सहा वेळा ती खडक म्हणायची, त्याचा तिला कोण अभिमान! उरलेल्या चारांतल्या किती मध्यम होत्या? चार खुंट्या, यंत्र आणि पदवी असलेली बाई, आणि मनगट मात्र बापाचंच फिरत होतं. तिला सगळ्यात जास्त राग आला तो या गोष्टीचा, की बापाने निदान लेकीच्या लग्नासाठी केलं होतं. हिने कशासाठी केलं? कटकट नको म्हणून.

तिने तो शब्द खोडला आणि लिहिलं, 'फाटकाजवळ पाणी नाही. खणू नये.' खाली सही केली.

गदारोळ झाला. साहेबांनी बोलावून घेतलं, मध्यम लिहायला काय जातं असं विचारलं. खडकबाई म्हणाली, "नाही लिहिणार. पाणी नाही, तर नाही." साहेबांनी हात जोडले आणि दुसऱ्या एका भूवैज्ञानिकाकडून मध्यम लिहून घेतलं. तो नवा पोरगेलासा माणूस सही करताना तिच्याकडे बघत नव्हता. खडकबाईने त्याला नजरेनेच फाडून खाल्लं.

चार दिवसांनी फाटकाजवळ गाडी लागली. खडकबाई त्या दिवशी मुद्दाम रजेवर घरी होती. उशा-अभ्रे धुवायला काढले, ते धुतले, वाळत टाकले. दुपारी साडेतीनला गाडीवरच्या मुख्य माणसाचा फोन आला. मागे इतका कल्ला होता की तिला फोन कानापासून लांब धरावा लागला.

"मॅडम, लागलं!"

"काय लागलं?"

"पाणी! धो धो! मॅनेजर साहेब नखशिखान्त भिजले! त्यांनी मला मुद्दाम तुम्हाला कळवायला सांगितलंय!"

खडकबाईने फोन ठेवला. खिडकीजवळ काठीवाले चहा पीत होते. अनेक दिवसांत पहिल्यांदाच ती औषधाशिवाय त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि काय झालं ते तिने सगळं सांगितलं. मध्यमसकट सगळं, सव्वीस वर्षांचं. कप हातात तसाच धरून ते ऐकत होते.

"आणि आज पाणी लागलं," तिने संपवलं. "मी आयुष्यात एकदा ठणकावून खरं लिहिलं, आणि ते चुकीचं निघालं."

"किती फुटांवर लागलं?"

"एकशेऐंशी."

"गोड?"

"गोड."

काठीवाल्यांचे खांदे हलायला लागले. आधी तिला वाटलं ठसका लागला, म्हणून तिने पाठीवर हात ठेवला, तर म्हातारा हसत होता. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता.

"हसू नका! यात हसण्यासारखं काय आहे? दोघंही मूर्ख. तुम्हीही आणि मीही. तुम्हाला खरं माहीत होतं, ते बोलला नाहीत. मी बोलले, ते खरं नव्हतं." पण तिच्या आवाजातली धार निघून गेली होती आणि तिला ते ऐकू येत होतं. तिने स्टूल ओढलं आणि त्यांच्यासमोर बसली. "बाबा, काय सुटलं माझ्या नजरेतून? काहीतरी खूण असणार तिथे. एखादं झाड, वारूळ, काहीतरी. तुम्ही काय बघितलं असतंत?"

"मला काय ठाऊक, पोरी?" काठीवाले डोळे पुसत म्हणाले. "मी तिथे गेलोच नव्हतो."

खडकबाईने त्यांच्या हातातला कप काढून घेतला, कारण हसण्यात तो त्यांच्या मांडीवर सांडत होता.